वयाचा पुरावा आणि बालकाचे हक्क

बालकांना संरक्षण देणारा जवळपास प्रत्येक कायदा वयाच्या अटीवर उभा असतो. ठरावीक वयाखालील मुलाला कारखान्यात कामाला लावता येत नाही, त्याचे लग्न लावून देता येत नाही, त्याला सैन्यात भरती करता येत नाही आणि त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आला तरी त्याला प्रौढांच्या तुरुंगात डांबता येत नाही. या साऱ्या तरतुदींचा लाभ मिळण्यासाठी आधी वय सिद्ध व्हावे लागते. म्हणूनच जन्मनोंदणी, म्हणजे जन्माची शासकीय दप्तरात होणारी कायमस्वरूपी नोंद, ही वरवर कारकुनी वाटणारी बाब बालहक्कांच्या मुळाशी आहे.

नोंदीवाचून कायदा कसा लुळा पडतो, हे ब्रिटनच्या 1833 च्या कारखाना कायद्याच्या वेळी दिसून आले. या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली; परंतु इंग्लंड व वेल्समध्ये नागरी जन्मनोंदणी सुरू झाली ती 1837 मध्ये, त्यामुळे मुलाची ताकद आणि अंगलट नऊ वर्षांच्या मुलासारखी दिसते की नाही, याचा दाखला डॉक्टरने द्यावा, अशी सोय करावी लागली. अंगाने थोराड असलेले मूल लहान असूनही त्यात सहज खपून जाई. 1837 मध्येच एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने, उंचीपेक्षा कायमचे दात येण्याचा क्रम हा वयाचा अधिक भरवशाचा पुरावा आहे, असे शेकडो मुलांच्या तपासणीच्या आधारे एका पुस्तिकेत मांडले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या सातव्या कलमाने जन्मानंतर लगेच नोंदणी होण्याचा, नाव मिळण्याचा आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क मान्य केला. त्यापुढचे आठवे कलम, मुलाची ओळख अबाधित राखण्याविषयीचे, अर्जेंटिनाच्या आग्रहातून आले. तेथील लष्करी राजवटीत (1976 ते 1983) कैदेतील स्त्रियांची अर्भके हिरावून घेऊन खोट्या नोंदींच्या आधारे परक्या घरांत वाढवली गेली. अशा मुलांची संख्या सुमारे 500 असावी, असा त्यांचा शोध घेणाऱ्या आजींच्या संघटनेचा अंदाज असून, जनुकीय चाचण्यांच्या साहाय्याने आजवर 130 हून अधिक नातवंडांची खरी ओळख पटली आहे. नोंद नसणे जितके घातक, तितकीच खोटी नोंदही घातक, हा धडा त्या कलमामागे आहे.

युनिसेफच्या 2024 च्या अहवालानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे 15 कोटी मुलांची जन्मनोंदणी झालेली नाही आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मुले सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. दूरवरचे नोंदणी कार्यालय, तेथे जाण्यायेण्याचा खर्च आणि उशिराच्या नोंदणीला पडणारा दंड ही त्याची नेहमीची कारणे होत. काही ठिकाणी मात्र नोंद हेतुपुरस्सर नाकारली जाते. म्यानमारमध्ये रोहिंग्या मुलांना जन्माचे दाखले देणे 1990 च्या दशकातच थांबवण्यात आले आणि देशाविना वाढणाऱ्या पिढीत त्याने भर घातली.

भारतात 1969 च्या कायद्यानुसार जन्माची माहिती 21 दिवसांत देणे बंधनकारक आहे. तरीही महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे. जूनमध्ये शाळा सुरू होताना प्रवेशापुरते वय भरावे, म्हणून मुख्याध्यापकांनी किंवा गुरुजींनी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ती अंदाजाने घातली. या अंदाजाला पुढे कायद्याचे बळ मिळते. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 94 नुसार वयाविषयी शंका असल्यास आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच अस्थिपरीक्षण, म्हणजे हाडे कितपत जुळून आली आहेत यावरून वय ठरवण्याची चाचणी, असा क्रम आहे. या चाचणीत वर्षा-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा खटला कोठे चालणार, हे तेवढ्या फरकावर ठरू शकते.

1969 च्या जन्मनोंदणी कायद्यातील 2023 च्या दुरुस्तीने, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. यामुळे अंदाजी तारखांना आळा बसेल, हे खरे. पण ज्याच्यापाशी दाखला नाही, त्याच्यावर दार बंद होण्याचा धोकाही यात आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमाने वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे, ती या संदर्भात मोलाची ठरते. नोंद करण्याचे कर्तव्य पालकांचे आणि शासनाचे आहे, नवजात अर्भकाचे नव्हे. तेव्हा त्या चुकीची शिक्षा मुलाला होता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2019 मध्ये बाल न्यायाविषयी, वयाचा पुरावा निर्णायक नसेल तेथे संशयाचा फायदा मुलाला द्यावा, अशी भूमिका घेतली. हेच तत्त्व शाळेच्या कचेरीत, रेशनच्या रांगेत आणि सीमेवरच्या छावणीतही लागू झाले, तरच जन्मनोंदणी हे मुलांना अडवण्याचे नव्हे, तर जपण्याचे साधन राहील.