विरजण लागत नाही तेव्हा

"फादर, दूध तेच, विरजण तेच, पण दही काही लागत नाही," अशी तक्रार घरातील भगिनींकडून आम्ही अधूनमधून ऐकतो. थंडी असली किंवा विरजण जुने झाले असले म्हणजे असे होते, हे खरे. परंतु त्याच आठवड्यात म्हशीला इंजेक्शन दिलेले असेल, तर कारण गोठ्यात शोधावे. पेनिसिलिनसारखे औषध दुधात उतरते, दही लावणारे सूक्ष्म जंतू त्यामुळे वाढत नाहीत आणि दूध पातळच राहते. हेच दूध डेअरीत गेले की इतर घरांच्या दुधात मिसळते.

"उकळले की झाले" असे म्हणून भागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, औषध मात्र बहुतांशी तसेच राहते. ज्यांना पेनिसिलिन सोसत नाही त्यांच्या अंगावर अशा दुधाने गांधी उठू शकतात. शिवाय औषधाचा थोडाथोडा अंश नेहमी मिळत राहिला की जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि उद्या आपले लेकरू खरोखर आजारी पडले की तेच औषध लागू पडत नाही.

औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरू नये, हे वेष्टनावर छापण्याचा नियम 2012 साली झाला. छापलेले नसेल तर दूध व अंडी यांसाठी किमान 7 दिवस आणि कोंबडीच्या व जनावराच्या मांसासाठी 28 दिवस धरावेत. दिवसाला 6 लिटर देणारी म्हैस असेल तर आठवड्याचे 42 लिटर दूध ओतून द्यावे लागते. कर्जाचा हप्ता तोंडावर असताना हे किती जड जाते, ते आम्ही जाणतो. म्हणून इंजेक्शनाची पाळीच येऊ नये, हे पाहणे शहाणपणाचे.

बहुतेक वेळा हे इंजेक्शन दगडीसाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी असते. धार काढल्यावर सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते. तेवढ्यात म्हैस शेणामुतात बसली की जंतू आत शिरलेच. पुढच्या खोलीत फरशी आणि गोठ्यात चिखल, असे दृश्य आपल्याकडे काही कमी नाही! गोठ्याला उतार द्यावा, कोरडा पाचोळा पसरावा, आणि धार काढून झाल्याबरोबर पुढ्यात वैरण टाकावी, म्हणजे जनावर उभे राहील. अंगठा मुडपून धार काढू नये, त्याने सड आतून दुखावतो. पूर्ण मुठीने काढावी. कास धुऊन स्वच्छ फडक्याने पुसावी. पहिल्या दोनचार धारा काळ्या वाटीत घेऊन पाहाव्यात. गुठळी किंवा पाण्यासारखे दूध दिसले तर त्या जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी, ते दूध घरात घेऊ नये आणि गुरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवावे. सुजलेल्या कासेतील काही जंतू दुधात असे विष सोडतात की ते उकळूनही जात नाही. औषध सुरू केले तर ते सांगितलेले सर्व दिवस द्यावे. सूज उतरली म्हणून मध्येच सोडू नये.

दुसरे इंजेक्शन पान्ह्याचे. वासरू दगावले की म्हैस पान्हा चोरते, आणि मग कोणीतरी बाजारातून बाटली आणतो. रोज सुई टोचल्याने जनावर हैराण होते, पुढे सुईशिवाय पान्हाच सोडत नाही, आणि अस्वच्छ सुईने गळू होते ते वेगळेच. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारे इंजेक्शन देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्यात कैद होऊ शकते आणि जनावरही सरकारजमा होते.

भ्यालेले किंवा मारलेले जनावर पान्हा आवरून धरते. धारेच्या वेळी ओरडू नये, कुत्रे जवळ येऊ देऊ नये, वेळ आणि माणूस शक्यतो बदलू नये. पुढ्यात थोडे आंबोण ठेवून कास हलक्या हाताने चोळावी आणि थांबावे. गाईपेक्षा म्हशीला पान्हा सोडायला जास्त वेळ लागतो. दोनचार मिनिटे गेली तरी हात उगारू नये.