मुहूर्त, ऊन आणि छायाचित्रकार

लग्नघरी पूर्वी दोन माणसांचा शब्द मोडता येत नसे. एक भटजींचा आणि दुसरा आचाऱ्याचा. आता त्यांच्या जोडीला तिसरा मानकरी आला आहे. गळ्यात दोन कॅमेरे अडकवून तो बोहल्यापाशी उभा राहतो, ‘गुरुजी, जरा थांबा’ म्हणतो, आणि गुरुजी थांबतातही! या मानकऱ्यावर माझा मुळीच राग नाही. सनईचे सूर त्या दिवशीच विरतात, जिलबीची चव आठवड्यात विसरते. पुढे पन्नास वर्षे घरात राहते ते त्याचेच काम. राग असलाच तर तो यजमानांवर आहे. आचाऱ्याबरोबर तासभर बसून ते मठ्ठ्यात आले किती घालायचे हे ठरवतात, आणि छायाचित्रकाराशी मात्र पैशांपलीकडे चकार शब्द बोलत नाहीत. आमच्या गोतावळ्यात लग्नाच्या दिवसाचे टाचण करण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या इंदूरला या कलेची ओळख करून द्यायला नको. येथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला. पुढे ते निजामाच्या दरबारी गेले आणि राजा दीनदयाळ म्हणून देशभर नावाजले. काचेवर चित्र घेण्याच्या त्या काळात समोरच्या माणसाला काही क्षण अगदी निश्चल राहावे लागे. म्हणूनच जुन्या वाड्यांच्या भिंतींवर लग्नाची जी चित्रे आहेत, त्यांत लग्न फारसे दिसतच नाही; विधी उरकल्यावर खुर्चीवर बसवलेले गंभीर जोडपे तेवढे दिसते. नंतर फिल्मची गुंडाळी आली. १२० नंबरच्या एका रोळावर चौकोनी चित्रे निघत बारा. दोन-तीन रोळांत सारे लग्न बसवायचे, तेव्हा छायाचित्रकार जपून, वाट पाहून बटण दाबी. विधी आपल्या गतीने चालत आणि तो त्यांच्यामागून चाले. आता मोजदाद उरली नाही. हजारो चित्रे निघतात, आणि एखादे हुकले तर विधीच पुन्हा करायला सांगतात. मंगळसूत्र दोनदा बांधलेले मी पाहिले आहे, सप्तपदीचे सातवे पाऊल तीनदा टाकलेलेही पाहिले आहे.

यावर उपाय छायाचित्रकाराला दटावण्याचा नव्हे, दिवस आधी आखण्याचा आहे. दिवसाच्या आखणीत दोनच गोष्टी अढळ असतात: मुहूर्त आणि सूर्य. बाकी सारे त्यांच्याभोवती बसवता येते. पूर्वी घंगाळातल्या पाण्यात घटिकापात्र तरंगत ठेवीत. तळाच्या बारीक छिद्रातून पाणी शिरून ते बुडाले की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. मी आजही टाचण घटकांच्याच हिशेबाने करतो, कारण लग्नघरातले कुठलेही काम दहा मिनिटांत होत नाही. एक घटका धरली की बरोबर येते. नऊवारी, अंबाडा, दागिने आणि मुंडावळ्या यांना तर चार घटका हव्यातच.

आता सूर्याचे पाहू. वधूवर बोहल्यावर पूर्व-पश्चिम समोरासमोर उभे राहतात. मांडव उघडा असेल आणि मुहूर्त सकाळचा असेल, तर एकाच्या तोंडावर ऊन येते आणि दुसऱ्याच्या पाठीवर. म्हणून छायाचित्रकाराची जागा उत्तरेला किंवा दक्षिणेला, अंतरपाटाच्या टोकापाशी असावी. तेथून दोन्ही चेहरे सारखे दिसतात आणि आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर त्याची पाठही येत नाही. वैशाखातल्या भर दुपारी ऊन माथ्यावरून उतरते व मुंडावळ्यांच्या सावल्या डोळ्यांवर पडतात. तेव्हा वधूचे एकटीचे चित्र सकाळी नवाच्या आत, ओसरीच्या सावलीत घेऊन टाकावे. गोरज मुहूर्त असेल तर हिशेब आणखी कडक. मार्गशीर्षात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, वैशाखात सातच्या सुमारास, आणि त्यानंतर कामाचा उजेड टिकतो तो जेमतेम एक घटका. शिवाय पंचांगातली वेळ कोणत्या गावची आहे ते पाहावे. मुंबई आणि इंदूर यांच्या रेखांशांत सुमारे तीन अंशांचे अंतर आहे, म्हणजे बारा मिनिटांचे. अर्धी घटका तिथेच गेली!

दोघांची एकत्र चित्रे लग्नाआधीच उरकून घ्यावीत, असे हल्ली बरेच छायाचित्रकार सुचवतात. सोयीच्या दृष्टीने ते खोटे नाही. मुलामुलीने एकमेकांना वर्षभर पाहिलेले असते, हेही मला ठाऊक आहे. परंतु मग अंतरपाट कशासाठी धरायचा? मंगलाष्टके संपेपर्यंत मधे एक वस्त्र असावे, आणि ते दूर झाल्यावर त्या दिवशीची पहिली दृष्टादृष्ट व्हावी, हा त्या विधीचा सारा अर्थ. सकाळभर बागेत हातात हात घालून चित्रे काढलेल्या जोडप्यासमोर तो पाट म्हणजे नुसते कापड होते. त्यापेक्षा मी असे करतो: मुहूर्तापूर्वी वधूची चित्रे तिच्या माणसांबरोबर आणि वराची त्याच्या जानोशात त्याच्या माणसांबरोबर उरकतो. एकत्र घ्यायची तेवढी मुहूर्तानंतर. निम्मे काम आधीच झालेले असते आणि अंतरपाटाचाही मान राहतो.

यातही पहिला क्रम वृद्धांचा. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नाला माझी आत्या देवासहून आली होती. वय ऐंशीच्या पुढचे. नातवाच्या शेजारी बसून एक फोटो काढायचा, एवढ्यासाठी ती पैठणी नेसून दहा वाजल्यापासून खुर्चीवर बसली होती. त्या घरी टाचण असे काही नव्हतेच. मित्रमंडळी, कचेरीतले लोक, पुन्हा मित्रमंडळी असे चालत राहिले. दोन वाजता तिला घेरी आल्यासारखे वाटू लागले, म्हणून आतल्या खोलीत नेऊन निजवले. अडीचला सर्व कुटुंबाचा फोटो निघाला, तो तिच्यावाचून. पुढचे लग्न तिने पाहिले नाही. त्या दिवसाची चौदाशे चित्रे त्या घरी आहेत. आत्या त्यांपैकी एकात, तीही कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी दिसते.

तेव्हापासून माझ्या टाचणाची पहिली ओळ ठरलेली आहे: सत्तरीच्या पुढची सर्व माणसे, नावानिशी, न्याहारीनंतर लगेच. एका गटाला दोन मिनिटे धरली तर वीस गटांना चाळीस मिनिटे पुरतात. मात्र दोन्ही बाजूंचा एकेक माहीतगार माणूस हाका मारायला हवा. मामा असेल तर उत्तम, त्याचा आवाज मोठा असतो! छायाचित्रकार आपल्या रीतींचा नसेल तर विधींची यादी अर्थासह आदल्या दिवशी त्याच्या हाती द्यावी. गौरीहरापाशी वधू एकटी बसलेली असते, तेथे दिव्यांचा झगमगाट नको. कानपिळीला वधूचा भाऊ डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आपले काम करून जातो. कॅमेरा आधीच रोखलेला हवा. सूनमुख पाहताना आरशात सासू-सुनेच्या मधे छायाचित्रकाराचेच तोंड दिसू नये, म्हणून त्याने किंचित बाजूला उभे राहावे. आणि त्याला पहिल्या पंगतीआधी पोटभर वाढावे. उपाशी माणूस विहिणींच्या पंगतीतले उखाणे टिपायला जागेवर सापडत नाही.

एवढे केले की गुरुजींना थांबवण्याची पाळी सहसा येत नाही. मुहूर्ताच्या आधी दोन घटका आणि नंतर एक घटका मी टाचणात कोरीच ठेवतो. तेवढ्यात काय घडेल ते घडू द्यावे. छायाचित्रकाराने पाहावे आणि टिपावे, कुणाला काही सांगू नये.

राहिले शेवटचे काम, ते दुसऱ्या दिवशीचे. सत्यनारायणाची पूजा आणि जेवण झाले की पाहुणे लगेच गाडीला निघत नाहीत, दोनतीन तास लोळत असतात. त्या वेळी निवडक तीसेक चित्रे समोर ठेवावीत आणि प्रत्येकातली माणसे कोण, कोणाची, कुठली, हे थोरल्यांना विचारून वहीत लिहून घ्यावे. जुन्या पेटाऱ्यातून निघालेल्या चित्रातली निम्मी माणसे आज आपल्याला ओळखू येत नाहीत. त्यांना ओळखणारी माणसे तेव्हा त्याच घरात बसून सुपारी कातरत होती. विचारायचे मात्र कुणाला सुचले नाही.