पुराच्या पाण्याला बोगदा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. तेव्हापासून हे पाणी बोगद्यानं भीमा खोऱ्यात आणि पुढे मराठवाड्याकडे वळवायची योजना जोरात चर्चेत आहे. आमचं चितेगाव गोदावरी खोऱ्यातलं, तरी पाण्याची बातमी निघाली की इथला शेतकरी कान टवकारतोच. मला मात्र त्याआधी हिशेब मांडावासा वाटतो.

सात मीटर व्यासाचा बोगदा काठोकाठ भरून सेकंदाला तीन मीटर वेगानं वाहिला, तर त्यातून सुमारे चार हजार क्युसेक पाणी जातं. दिवसाला साधारण एक टीएमसीचा तिसरा हिस्सा. तुलनेला आमच्याच गोदावरीवरचं जायकवाडी धरण घ्या: ऑगस्ट 2006 मध्ये तिथून सुटलेलं पाणी अडीच लाख क्युसेकच्या घरात होतं. अशा ऐन लोंढ्यापुढे एकटा बोगदा तोकडाच पडणार. टोकियोजवळचा प्रसिद्ध पूरबोगदा सेकंदाला 200 घनमीटर पाणी उपसतो, पण तो लहान नद्यांसाठी आहे. आमच्या जवळच्या शहरातून वाहणाऱ्या खाम नदीसारख्या ठिकाणी तशी कल्पना शोभेल. कृष्णेवर बोगदा चालवायचा तर पूर येण्याआधीच, कित्येक दिवस, धरणांत जागा करत चालवावा लागेल.

शिवाय पाणी सोडायचं कुठे? 2019 मध्ये त्याच दिवसांत भीमेलाही पूर होता, तिच्यावरच्या उजनी धरणातून विसर्ग सुरू होता. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून कुणाचं भलं होणार?

मग येतो खडक. तो बघायला लांब जायला नको. आमच्या शिवारात विहिरीचं काम चालू असेल तर यारीजवळ उभं राहून काठ नीट न्याहाळावा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. काळ्या पाषाणावर घण पडला की खणखणीत आवाज येतो, मांजऱ्यावर तोच घण दबका वाजतो. मध्येच कुठे गेरूसारखा लाल पट्टा लागतो. कोरडा असताना तो घट्ट वाटतो, पण पाणी लागलं की बोटानं चुरतो. सुमारे 24 किलोमीटरचा नीरा-भीमा जोडबोगदाही अशाच दख्खनी बेसॉल्टमधून जातो. लाल पट्टा बोगद्याच्या छताशी आला तर दगड निखळतात. मग खिळे ठोका, काँक्रीट फवारा, वेळ आणि पैसा वाढवा. म्हणून आखणीच्या रेषेवर बोअर घेऊन निघालेले दगडी गाभे पेटीत क्रमानं मांडतात आणि वीतवीतभर वाचतात. दहा सेंटिमीटरहून लांब, अखंड तुकड्यांची मिळून लांबी बोअरच्या लांबीच्या किती टक्के भरते, यावरून खडकाची प्रत ठरते.

या बोअरच्या नोंदी गावोगावी मराठीत लावाव्यात, जमिनीच्या नोटिसा निघण्याआधी. आणि बोगद्याचे दरवाजे नदीच्या कोणत्या पातळीला उघडायचे, उजनी भरलेली असेल तर काय करायचं, कुणी हुकूम द्यायचा, हे आराखड्यातच लिहिलेलं असावं. महापुराच्या रात्री फोनवर ठरवायच्या या गोष्टी नव्हेत.