गोल, फुली आणि माझी अर्धशिशी

मैत्रिणींनो, तुमच्या घरात डोकेदुखीची गोळी कुठे ठेवलेली असते? माझ्या घरी ती चहा-साखरेच्या डब्यांमागे असायची, हात सहज पोहोचेल अशी. किराण्याच्या यादीत तेल, साबण, उदबत्ती आणि त्याखाली ‘डोक्याच्या गोळ्या, दोन पाकिटं’ असं मी बिनदिक्कत लिहीत असे. त्यात काही चुकतंय असं वीस वर्षांत एकदाही वाटलं नाही.

माझी अर्धशिशी कॉलेजात असताना सुरू झाली. आधी डाव्या भुवईवर ठोके पडतात, मग डोक्याची ती बाजूच ठणकायला लागते. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास आला की मळमळ. आमचं वैशाखरे गाव कल्याण-नगर रस्त्यावरचं. पावसाळ्यात माळशेजला निघालेल्या गाड्यांचे हॉर्न त्या दिवशी थेट कवटीत वाजतात. दुसऱ्या दिवशी मात्र मी पुन्हा ओट्यापाशी उभी. मग “काल झोपून होती, आज बघा कशी चालतेय,” हेही ऐकायचं. ताप हाताला लागतो, जखम दिसते. डोकेदुखी कुणाला दाखवणार?

उपाय कमी केले नाहीत. सासूबाईंनी सुंठ उगाळून कपाळाला लावली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी खाल्ली. चष्मा झाला, सायनस म्हणून वाफारे झाले. शेवटी डोक्याचा स्कॅन केला, तो स्वच्छ आला. आनंद व्हायच्या ऐवजी मला रडूच आलं. आता तर सगळे म्हणणार, हिला काही झालेलंच नाही!

चाळिशीनंतर दुखणं वाढत गेलं. महिन्यातून दोनदा येणारी पाहुणी जवळजवळ रोज यायला लागली. सकाळी उठतानाच डोकं जड. एकदा बचत गटाच्या बैठकीत हिशेब वाचता वाचता मी उलटीसाठी बाहेर धावले. परत आले तेव्हा गटातली एक मावशी म्हणाली, “ताई, आम्हाला हाताला धरून दवाखान्यात नेता. तुम्ही कधी जाणार?” मला उत्तर सुचलं नाही.

कल्याणला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी स्कॅन बाजूला ठेवला. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही, ती लक्षणांवरून ओळखतात, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी विचारलं, “महिन्यात किती दिवस गोळी घेता?” मला सांगता येईना. ते म्हणाले, “घरी कालनिर्णय आहे ना? डोकं दुखलं त्या तारखेवर गोल करा. गोळी घेतली तर फुली मारा. पाळी, उपवास, जागरण तेही लिहा.”

महिनाअखेरीस फुल्या मोजल्या. बावीस! मलाच विश्वास बसेना.

दुखणं थांबवायला घेतलेली गोळीच वारंवार घेतली तर दुखणं वाढवते, हे डॉक्टरांनी समजावलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की डोक्याला त्यांची सवय लागते. गोळी उतरली की डोकं पुन्हा दुखतं. मी वीस वर्षं जिला औषध समजत होते, तीच आता आजाराचा अर्धा भाग झाली होती.

गोळ्या बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले, खोटं कशाला सांगू? मुलीने भात-वरण केलं, यांनी फोनचे आवाज बंद ठेवले. मग हळूहळू सकाळचं जडपण उतरलं. सोबत दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची गोळी सुरू झाली. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही त्यातली जुनी आणि स्वस्त औषधं. दोघींना एकच चालत नाही. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नका. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. “आठ दिवसांत काही फरक नाही” म्हणून आपण सोडून देतो, तिथेच चुकतं. २०१८ पासून अर्धशिशीसाठी खास तयार केलेली इंजेक्शनं जगात आली आहेत, पण ती महाग आहेत. आपल्यापैकी बहुतेकींचं साध्या औषधांवर भागू शकतं.

दुखणं आलंच तर डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरुवातीलाच, पूर्ण मात्रेत घ्यायची. “बघू, थांबेल” म्हणत दोन तास काढले की पोटाचं काम मंदावतं आणि गोळी नीट लागू पडत नाही. मात्र आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. फुल्या त्यासाठीच.

कालनिर्णयाने आणखी एक गुपित सांगितलं. माझे गोल पाळीच्या आदल्या दोन दिवसांत, मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणि न्हाण्याच्या दिवशी जमले होते. पाळीच्या आधी शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम उतरतं, त्याने अर्धशिशी चाळवते. बायकांना हा त्रास पुरुषांच्या साधारण तिप्पट होतो, त्याचं हे मोठं कारण. आणि न्हाण्याचं म्हणाल, तर मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली यावर शोधनिबंधच लिहिला. त्यांच्या १५०० भारतीय रुग्णांपैकी ९४ जणांचं डोकं डोक्यावरून न्हाल्यावर दुखायचं. म्हणजे “केस धुतले की डोकं धरतं” म्हणणाऱ्या आपल्या आया-आज्या काही वेड्या नव्हत्या!

आता मी ओले केस बांधत नाही, दुपारच्या घाईत न्हात नाही. उपवास सोडला नाही, पण निरंकार राहत नाही. सकाळीच खजूर आणि दूध घेते. सासूबाई आधी गप्प झाल्या. मग त्याच म्हणाल्या, “देवीला काय तुझं डोकं दुखवायचंय होय?” झोपेची वेळ ठरवली. योगासनंही करते. दिल्लीच्या एम्समध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषधासोबत योग करणाऱ्यांची डोकेदुखी नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त कमी झाली. लक्षात घ्या, औषधासोबत.

आमच्या गटात वाडीवरची एक तरुण सून आहे. लावणीच्या दिवसांत ती बांधावर डोकं धरून बसायची. घरचे म्हणत, “कामाच्या वेळीच हिचं बरं दुखतं.” भगताकडेही नेऊन झालं होतं. तिला लिहिता येत नाही, पण गोल आणि फुली कुणालाही येते. दोन महिन्यांनी कॅलेंडरची गुंडाळी घेऊन आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकणाऱ्या रेषा दिसतात, हे तिने तिथे पहिल्यांदा सांगितलं. डॉक्टरांनी लगेच विचारलं, “पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस का?” घेत होती. अशा रेषा दिसणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, म्हणजे आपल्याकडे मिळणारी माला-एन वगैरे, घेऊ नयेत. पक्षाघाताचा धोका वाढतो. तिचं साधन बदललं. ती एक भेट झाली नसती तर काय झालं असतं, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते, हेही सांगायला हवं. अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखणं. हात-पाय लुळे पडणं, बोबडी वळणं, फिट येणं. तापासोबत मान आखडणं. डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं. गरोदरपणातलं जोराचं दुखणं. यात कॅलेंडर बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कुठलीच गोळी नको.

अर्धशिशी मुळापासून जाते असं मी म्हणणार नाही. माझीही अजून दीड-दोन महिन्यांनी डोकावते. पण रोजचं दुखणं गेलं. गेल्या महिन्यात माझ्या कालनिर्णयावर एक गोल होता आणि एक फुली.

फळीवरचा तो कोपरा आता रिकामा आहे. तुमच्या भिंतीवरही कॅलेंडर असेलच. आज रात्री आवराआवर झाली की त्याच्या खिळ्याला एक पेन बांधून ठेवा.