शाळेसाठी धावायचंय? आधी हे वाचा

नागपूरच्या नंदनवनातल्या धावपटू आई-बाबांनो, मुलांच्या कॉन्व्हेंटसाठी निधी जमवायला दरवेळी आनंदमेळाच कशाला? सहकुटुंब धावा! २००४ला सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेकजण असेच निधीसाठी धावतात: धावणारा ओळखीच्यांकडे शब्द टाकतो, पैसे जातात संस्थेच्या खात्यात. शाळेलाही हे जमतं, फक्त मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच बरा. किलोमीटरमागे दर ठरवू नका, एकरकमी मागा. मामा-काका हिशेब करत बसत नाहीत. आणि तारीख डिसेंबर-जानेवारीचीच धरा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ला टेकतो, तेव्हा धावण्याचं नावही काढू नका!