सिंधूकाठचा माणूस: दान्तेच्या काव्यातला एक प्रश्न

जळगाव-धुळ्याच्या आपल्या मुलखात बसून एका इटालियन कवीचं सातशे वर्षांपूर्वीचं काव्य कशासाठी वाचायचं, असं कुणाच्याही मनात येईल. पण हे काव्य आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही. त्याचं एक मध्ययुगीन हस्तलिखित मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. ते दिलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं. १८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेशासह जिंकलेल्या मुलखाचा कारभार ज्याच्याकडे आला, तोच हा एल्फिन्स्टन.

दुसरं म्हणजे, हा विषय आपल्या घरातलाच आहे. आपल्याकडे अनेक घरांत कुणी गेलं की दहा दिवस गरुडपुराण लावतात. वैतरणी, यमदूत, चित्रगुप्ताची वही हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा मेल्यानंतरच्या प्रवासाची कथा आपल्याला नवी नाही.

दान्तेचा जन्म फ्लॉरेन्सचा, १२६५ सालचा. १३०२ साली राजकारणात त्याला हद्दपार केलं गेलं. तो परत कधीच घरी गेला नाही. १३२१ मध्ये राव्हेन्ना इथे वारला. हद्दपारीत लिहिलेल्या या काव्याला त्यानं नुसतं 'कॉमेडी' म्हटलं, कारण सुरुवात वाईट आणि शेवट चांगला. 'डिव्हाइन' हे विशेषण नंतरच्यांनी जोडलं. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्यानं ते लोकांच्या बोलीत लिहिलं. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे काळही जवळपास तोच.

काव्यात शंभर सर्ग आहेत. नरकाचे ३४, शुद्धिपर्वताचे ३३, स्वर्गाचे ३३. प्रवास घडतो १३०० सालच्या ईस्टरच्या आठवड्यात. प्रवासी स्वतः दान्ते, वय पस्तीस, आणि जिवंत. नरकातल्या शिक्षा बघा. भविष्य सांगणाऱ्यांची मुंडकी पाठीकडे फिरवलेली आहेत. फार पुढचं बघायला गेले, आता पुढचं पाऊलही दिसत नाही. वासनेच्या वाऱ्यावर जगलेल्यांना तिथे वावटळ फिरवत राहते. म्हणजे शिक्षा बाहेरून लादलेली नाही, ती त्या कर्माचंच रूप आहे. कर्मविचारात वाढलेल्या आपल्याला हे पटकन कळतं.

खरी अडचण पुढे आहे. दान्तेचा वाटाड्या आहे व्हर्जिल, ख्रिस्तापूर्वीचा रोमन कवी. दान्ते त्याला गुरू मानतो. पण व्हर्जिलचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून त्याची जागा नरकाच्या पहिल्या वर्तुळात, 'लिम्बो'त. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल तिथेच. इब्न सिना आणि इब्न रुश्दही तिथेच. तिथे छळ नाही. मनाला ओढ आहे आणि आशा नाही, एवढंच दुःख. ज्यांचे ग्रंथ शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं ती सगळी मंडळी त्या एका ओळीत बसवलेली पाहिली की आम्हांला आजही गलबलून येतं.

शुद्धिपर्वताच्या माथ्यावर बिआत्रिचे येते. दान्तेनं लहानपणापासून जिच्यावर प्रेम केलं आणि जी १२९० मध्ये वारली, ती. घाबरलेलं मूल आईकडे वळावं तसा दान्ते व्हर्जिलकडे वळतो, तर व्हर्जिल तिथे नसतो. शिष्याला दारापर्यंत पोचवून तो आपल्या जागी परत गेलेला असतो.

हे दान्तेला बोचत असलं पाहिजे, असं आम्हांला वाटतं. कारण स्वर्गाच्या १९ व्या सर्गात तो प्रश्न उघडपणे येतो. न्यायी राजांच्या आत्म्यांचा मिळून एक गरुड झाला आहे. दान्तेच्या मनात वर्षानुवर्षे कुढत असलेली शंका तो गरुडच बोलून दाखवतो: सिंधूच्या काठी एक माणूस जन्मला. तिथे ख्रिस्ताचं नाव सांगणारा कुणी नाही. त्याचं वागणं निर्मळ आहे. तो बाप्तिस्म्याविना मेला, तर त्याला दोषी ठरवणारा न्याय कुठला? त्याचा अपराध काय?

ते उदाहरण द्यायला दान्ते आपल्या दिशेनं आला, हे लक्षात घ्या. सिंधू म्हणजे त्याच्या लेखी फार दूरची पूर्व. म्हणजे प्रश्न तुमच्या-आमच्याबद्दलचाच आहे.

गरुड आधी दटावतो: वीतभर नजरेच्या माणसा, हजार मैलांवरचा न्याय करणारा तू कोण? विश्वासाशिवाय इथे कुणी चढलं नाही, असंही सांगतो. पण लगेच म्हणतो, ख्रिस्ताचं नाव घेणारे कितीतरी जण शेवटच्या दिवशी नाव न ऐकलेल्यांपेक्षा दूर असतील. आणि २० व्या सर्गात त्याच गरुडाच्या डोळ्यापाशी रिफियस दिसतो. हा ट्रॉयचा योद्धा, ख्रिस्ताच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचा. न्यायावरच्या प्रेमापोटी त्याच्यावर कृपा झाली, असं दान्ते सांगतो. गंमत अशी, की रिफियस हे व्हर्जिलच्या काव्यातलं एक लहानसं पात्र. पात्र स्वर्गात आणि त्याला घडवणारा कवी लिम्बोत! दान्तेनं कुंपण मोडलं नाही. पण त्याला एक फट ठेवली, आणि कुंपण कुणाला लागतं हेही लपवलं नाही.

इथे आपण दान्तेला नावं ठेवून मोकळं होऊ नये. आपल्याही दारांकडे बघावं. चोखोबा आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेत राहिले, आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, बाहेर आहे. तिथे तर नाव माहीत नसल्याची सबबही नव्हती. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. हे गुरुजी अमळनेरच्या शाळेतले शिक्षक. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं उतरवून घेणारे. दान्तेनं जो प्रश्न काव्यात विचारला, तो आपल्या खानदेशातल्या एका शिक्षकानं स्वतःचा देह पणाला लावून विचारला.

बहुतेक वाचक नरक वाचून थांबतात. आमची विनंती अशी, की स्वर्गाचे १९ आणि २० हे दोन सर्ग एका बैठकीत, लागोपाठ वाचा. वाचताना व्हर्जिलला मनात जागा ठेवा.