‘अटेस्ट’ करताय? मग तुम्ही साक्षीदार!

कॉलेजचा प्रवेश असो की बँकेतलं खातं, झेरॉक्सवर ‘सेल्फ अटेस्टेड’ लिहून आपण झटपट सही करतो. पण ‘अटेस्ट’ करणं म्हणजे खरेपणाची साक्ष देणं. लॅटिन भाषेत ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. आपल्या ‘साक्षांकित’ शब्दातही साक्ष आहेच. मृत्युपत्रसुद्धा किमान दोन साक्षीदारांनी अटेस्ट करावं लागतं. झेरॉक्ससाठी मात्र पूर्वी राजपत्रित अधिकारी गाठावा लागे. आता बहुतेक ठिकाणी तुमचीच सही चालते, म्हणजे जबाबदारीही तुमचीच. म्हणून आधी मूळ कागदाशी प्रत ताडून पाहा, मगच सही करा. सहीशेजारी तारीख आणि प्रत कशासाठी दिली तेही लिहा. तीच प्रत दुसरीकडे वापरणं मग सोपं राहत नाही.